चौपाटीची बाजू

मराठी साहित्यव्यवहारात काही शब्द असे आहेत, की ते उच्चारताना बोलणाऱ्याचे नाक आपोआप मुरडते. ‘रंजन’ हा त्यांतला एक, ‘लोकप्रिय’ हा दुसरा आणि ‘चौपाटी’ हा तिसरा. पहिल्या दोन शब्दांवर मराठी समीक्षेने पुष्कळ शाई खर्च केली आहे. तिसऱ्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही, कारण तो सहलीच्या प्रांतातला, म्हणजे घरगुती, म्हणजे क्षुल्लक मानला गेला. आमचे म्हणणे असे, की हे तिन्ही शब्द एकाच तुच्छतेचे वाहक आहेत आणि त्यांतला तिसरा समाजाला सर्वांत महाग पडतो.

निमित्त साधेच आहे. उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासून होत आल्या, की नागपुरातल्या महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये एक चर्चा हटकून निघते : यंदा समुद्र कोणता? विदर्भाला समुद्र नाही. तो ठरवून, तिकिटे काढून, रजा टाकूनच पाहावा लागतो. कुणी सहकारी सांगतात, मुलांना पाळणे हवेत, आईला देऊळ हवे, मंडळींना चार दिवस स्वयंपाकातून सुटका हवी, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात फिरता यावे. असे एखादे गाव सुचवा. लगेच दुसरे कुणी, बहुधा साहित्याचेच, चष्मा पुसत म्हणतात, ‘‘अहो, मग समुद्रावर कशाला जाता? फुटाळ्यावर जा की!’’ सगळे हसतात. विचारणारे गृहस्थ ओशाळतात. मग त्यांना एखादा ‘अस्पर्शित’ किनारा सुचवला जातो, जिथे माणूस नाही, दुकान नाही, दिवा नाही. आहे तो फक्त समुद्र आणि आपण.

या हसण्याला आमचा आक्षेप आहे. पाळणे, खाणे आणि करमणूक असलेले समुद्रकाठचे गाव निवडणाऱ्या कुटुंबाची अभिरुची हीन असते, हे गृहीतक आम्हांला चुकीचे वाटते, आणि त्या गृहीतकाला मराठीच्या अध्यापनाने खतपाणी घातले आहे असेही वाटते. म्हणून या प्रश्नाची चर्चा प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांवर न सोपवता साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनीच करावी, असा आमचा आग्रह आहे.

आपण वर्गात कोणता समुद्र शिकवतो, हे आधी पाहू. विदर्भातल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना समुद्र प्रथम भेटतो तो क्रमिक पुस्तकात. तिथे सावरकरांची ‘सागरास’ असते, कुसुमाग्रजांचे ‘कोलंबसाचे गर्वगीत’ असते. एका कवितेत समुद्र हा मातृभूमीपासून तोडणारा, दुसरीत तो आव्हान देणारा. दोन्ही ठिकाणी समुद्रासमोर उभा आहे तो पुरुष, असामान्य आणि एकटा. या कविता थोर आहेत याविषयी दुमत नाही. परंतु आपण त्या अशा रीतीने शिकवतो, की समुद्रासमोर उभे राहण्याची हीच एक उदात्त रीत आहे असे विद्यार्थ्याच्या मनावर ठसते. उरलेल्यांनी, म्हणजे ज्यांच्या एका हाताला लेकरू आणि दुसऱ्या हाताला सासूबाई आहेत त्यांनी, समुद्रासमोर कसे उभे राहावे, हे कुठल्याच प्रश्नपत्रिकेत विचारले जात नाही.

आता गंमत अशी, की ‘सागरास’ ही कविता १९०९ साली जिथे सुचली ते इंग्लंडमधले ब्रायटन हे गाव काय होते, हे आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही. ते निर्जन कडेकपारीचे गाव नव्हते. चौपाटी-संस्कृतीचे ते जगातले एक मूळपीठच म्हणावे लागेल. १८४१ साली लंडनहून तिथपर्यंत आगगाडी आली आणि कारकून, कामगार, दुकानदार आपापल्या बायकामुलांसह एका दिवसाच्या सहलीला समुद्रावर येऊ लागले. १८७२ साली तिथे मत्स्यालय झाले. १८८३ साली किनाऱ्यालगत विजेवर चालणारी छोटी रेल्वे सुरू झाली, ती हौसेने बसण्यासाठी. १८९९ साली समुद्रात दूरवर शिरणारा ‘पॅलेस पिअर’ हा करमणुकीचा धक्का खुला झाला. सावरकर त्या किनाऱ्यावर बसले तेव्हा हे सगळे तिथे उभे होते. मराठीतली समुद्रावरची बहुधा सर्वांत प्रसिद्ध कविता पाळण्यांच्या आणि खाऊगाड्यांच्या गावात जन्मली, आणि त्या गावाने तिच्या व्याकुळतेला कुठेही बाध आणला नाही. उदात्ततेला निर्जनता लागतेच असे मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मराठी गद्याने समुद्रकाठची वस्ती अगदीच टाळली आहे असे नाही. मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’ने १९६९ साली खाडीकाठच्या झोपडपट्टीचे जग मराठी कादंबरीत आणले. पण तिथला समुद्र जगण्याच्या धकाधकीचा. समुद्रावर केवळ मौज करायला आलेले साधे कुटुंब हे मराठी गंभीर साहित्याला लिहिण्याजोगे वाटल्याचे क्वचितच दिसते. विनोदी लेखनात मात्र ते हटकून येते, आणि येते ते हास्यविषय म्हणून.

ज्या कुटुंबाला आपण हसतो, ते नेमके कोण? त्यात एक आजी असते. तिचे गुडघे वाळूत चालू देत नाहीत. तिला बसायला बाक हवा आणि जवळ स्वच्छतागृह हवे. एक सहा वर्षांचे पोर असते. त्याला सूर्यास्ताशी कर्तव्य नसते. त्याला रहाटपाळणा, उंटावरची फेरी आणि बर्फाचा गोळा हवा. एक कॉलेजात जाणारी मुलगी असते. आईवडिलांपासून वीस पावले पुढे, एकटीने चालता यावे इतकीच तिची अपेक्षा असते, आणि ती पुरी होते ती रात्री नऊलाही जिथे दिवे आणि माणसे असतात तिथेच. आणि एक गृहिणी असते. ‘अस्पर्शित’ किनाऱ्यावरच्या भाड्याच्या बंगल्यात तिच्या वाट्याला पुन्हा गॅसची शेगडी येते, फरक इतकाच, की मिसळणाचा डबा परका असतो. भेळेच्या गाडीपाशी उभे राहून, दुसऱ्याने कालवलेले, आपल्याला हवे तितके तिखट करून खाणे, ही तिच्या चार दिवसांतली खरी सुट्टी होय. निवांततेची महती गाणाऱ्या प्रवासलेखात त्या निवांततेचा चहा कोण करत होते, हे सहसा लिहिलेले नसते.

खाण्याकडे तर विशेष आदराने पाहायला हवे. एकाच कुटुंबात चातुर्मास पाळणारी आजी, सुरमई शोधणारे जावई, सावजीच्या तिखटावर वाढलेला मुलगा आणि काहीच न खाणारी नात अशी मंडळी असतात. या सर्वांना एका बाकावर बसवील असे अन्न कोणत्याही एका घराण्याच्या स्वयंपाकात नाही. ते चौपाटीवर आहे. भेळ कुणा जातीची नाही, कुणा व्रताची सहसा वैरीण नाही, आणि तिला ताटवाटीचा मानापमान नाही. ज्या समाजात पंगतीचा इतिहास एवढा कडवट आहे, त्या समाजात वाळूवर मांडीला मांडी लावून कागदाच्या पुडीतून खाण्याची प्रथा रुजणे ही आम्हांला लहानसहान गोष्ट वाटत नाही.

इथे चौपाटीचा इतिहासही आठवायला हवा. चार पाटांची जागा ती चौपाटी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. मुंबईतली गिरगाव चौपाटी ही निव्वळ भेळेची जागा कधीच नव्हती. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांच्या देहाला अग्नी दिला गेला तो याच वाळूवर. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले या स्त्रियांनी कायदा मोडून मीठ केले तेही इथेच. दरवर्षी अनंत चतुर्दशीला लक्षावधी लोक इथे गणपती पोचवायला येतात. ज्या जागेवर तिकीट नाही, दारवान नाही आणि कुणी कुणाची चौकशी करत नाही, तीच जागा सभेला, शोकाला, उत्सवाला आणि भेळेला सारखीच उपयोगी पडते. चौपाटी ही फार मोलाची सार्वजनिक जागा आहे. तिचा तिरस्कार करणे म्हणजे नकळत सार्वजनिकतेचाच तिरस्कार करणे होय.

म्हणूनच ‘‘फुटाळ्यावर जा’’ हा विनोद, तो करणाऱ्यांना वाटतो त्याहून अधिक अर्थपूर्ण आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या नागपूरकरांनी भोसलेकालीन तलावाच्या काठाला ‘चौपाटी’ म्हणावे, तिथे कणीस आणि भेळ खात संध्याकाळ घालवावी, यात उपहासास्पद काय आहे? शब्दाने पाणी बदलले, पण अर्थ राखला : जिथे सर्वांना मोकळेपणी जाता येते आणि जिथे बसण्यासाठी काही कारण द्यावे लागत नाही, अशी पाण्याकाठची जागा. भाषेच्या अभ्यासकाने या अर्थविस्ताराचे कौतुक करायचे, की त्यावर हसायचे?

आता विरोधी पक्षाचे मुद्दे घेऊ. पहिला मुद्दा अभिरुचीचा. पाळणे, बंदुकीने फुगे फोडणे, घोड्यावरून रपेट, हे सवंग रंजन आहे आणि समुद्राच्या भव्यतेशी ते विसंगत आहे, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांना पुस्तक हातात धरायची सवय लावली. वाङ्मयेतिहासात मात्र त्यांच्या वाट्याला ओझरता उल्लेख आला. ज्यांनी नावातच अर्नाळा हे समुद्रकाठचे गाव वागवले त्या लेखकाची आणि समुद्रकाठच्या पाळण्याची गत एकच व्हावी, हा योगायोग बोलका आहे. रंजनाला पायरी मानायचे, की पाप मानायचे, हा जुना वाद आहे. आमचा अनुभव असा, की गंभीर वाचनाकडे आलेले बहुतेक विद्यार्थी रंजनाच्या दारातूनच आत आले. पाळण्यासाठी समुद्रावर गेलेले पोर पाळणा वर गेल्यावर काय पाहते? समुद्रच पाहते, आणि तोही आपल्या सर्वांहून अधिक उंचीवरून.

दुसरा मुद्दा निसर्गाचा, आणि तो गंभीर आहे. करमणुकीबरोबर कचरा येतो, वाळूत मोटारी घुसतात, कर्णे वाजतात. हे खरे आहे आणि ते निंद्यच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास घ्या. ऑलिव्ह रिडले कासवे तिथे अंडी घालायला येतात, आणि स्थानिक लोक व निसर्गप्रेमी संस्था यांच्या प्रयत्नांतून त्या अंड्यांचे रक्षण होते. तिथे पाळणा उभारा असे आम्ही कधीही म्हणणार नाही. उलट आमचे म्हणणे असे, की वेळास वाचवायचे असेल तर चौपाटी नीट बांधा. हजारो कुटुंबांना समुद्रावर जायचेच आहे. त्यांच्यासाठी काही गावे सिद्ध करून ठेवली नाहीत, तर ती सगळी गर्दी ‘अस्पर्शित’ किनारे शोधत फिरणार. खरे पाहता शांत किनाऱ्यांचा नाश भेळवाल्याने आरंभलेला नसतो; त्याच्या आधी तिथे पोचलेला असतो तो ‘अजून कुणाला ठाऊक नसलेले ठिकाण’ म्हणून त्या गावाचे वर्णन छापणारा रसिक लेखक. गुपित छापून झाल्यावर गर्दीच्या नावाने गळा काढण्यात अर्थ नाही.

तिसरा मुद्दा आमचा आहे, आणि सारा वाद ज्याच्यासाठी मांडला तो हाच. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरी येथे बेळगावहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतले ८ जण बुडाले. दोन्ही गट समुद्रापासून दूरच्या गावांतून आलेले. आपण शिक्षक आहोत. मुलांना सहलीला नेतो, पालकांच्या संमतिपत्रांवर सह्या घेतो. म्हणून या दोन तारखा आपल्याला पाठ असायला हव्यात, पाठ्यपुस्तकातल्या कवितांइतक्याच.

देशावरच्या आणि वऱ्हाडातल्या माणसाला पाणी ठाऊक असते ते तलावाचे, विहिरीचे, कन्हान-वैनगंगेचे. त्या पाण्याला धार असते, डोह असतो, पूर असतो, भरती-ओहोटी नसते. आपल्या विद्यार्थ्याला ‘उत्साहाला भरती येणे’ आणि ‘प्रेमाला ओहोटी लागणे’ यांचा वाक्यात उपयोग करता येतो. परंतु भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास लागतात आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. अमावास्या-पौर्णिमेचे ते उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा तो भांग, हे शब्द कोकणातल्या पोरालाही येतात; आपल्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला ‘उधाण’ फक्त आनंदाचे ठाऊक असते. कोकणातला जुना हिशेब तर इतका सोपा आहे, की तो नागपुरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावरूनही करता यावा : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला बाराच्या आसपास. हा अडाखा कोकणपट्टीचा, आणि ढोबळ. दुसऱ्या किनाऱ्यांवर तो चालणार नाही. पण एवढे जरी सहलीपूर्वी फळ्यावर लिहिले, तरी समुद्र हा केवळ प्रतिमा नसून त्याला वेळापत्रकही असते, हे मुलांच्या ध्यानात येईल.

साने गुरुजींच्या श्यामची आठवण इथे अपरिहार्य आहे. पोहायला जायला घाबरून लपलेल्या श्यामला त्याची आई शिंपटीने मारत घराबाहेर काढते आणि विहिरीवर पाठवते. ‘श्यामची आई’चे वाचन करताना आपण मातृप्रेमावर तासच्या तास बोलतो; त्या माउलीला मुलाला पोहता यायलाच हवे असे वाटत होते, ही साधी गोष्ट मात्र ओलांडून पुढे जातो. तिच्या मारामागे मुलगा भित्रा निपजू नये ही काळजी होती. आपल्या वर्गातल्या किती मुलामुलींना पोहता येते, हे आपण कधी विचारले आहे काय?

आता चौपाटीचा आणि जिवाचा संबंध पाहा. निर्जन किनाऱ्यावर गेलेल्या आठ-दहा तरुणांना करण्याजोगे काय असते? एकच : पाण्यात शिरणे. तिथे दुसरे काहीही नसते, आणि हाक मारली तर ऐकायला माणूसही नसते. याउलट जिथे वाळूवर पाळणा आहे, फुगे आहेत, गाड्यांवर तवे तापले आहेत, तिथे पाण्यात न उतरताही समुद्र भोगता येतो. चौपाटी देशावरच्या माणसाला समुद्राच्या सान्निध्यात रमवते आणि समुद्रापासून चार पावले दूरही ठेवते. ज्यांना पोहता येत नाही अशा प्रचंड बहुसंख्य समाजासाठी समुद्रकिनाऱ्याची याहून शहाणी रचना आम्हांला ठाऊक नाही.

याचा अर्थ पाळण्यांची जाहिरात करणारा प्रत्येक व्यापारी आमचा मित्र आहे असा नव्हे. ‘कुटुंबासाठी सर्वोत्तम’ ही अक्षरे कुणीही फलकावर रंगवू शकतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून पर्यटकांचे प्राण गेले; करमणूक होती, पण तिच्यावर नजर कुणाची होती हा प्रश्न उरलाच. दुसरे टोक बंदिस्त उद्यानांचे. मुंबईच्या गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, पुढे शेजारी वॉटर किंग्डम आले. अरबी समुद्राच्या इतक्या जवळ जाऊन माणसांनी तिकीट काढावे आणि यंत्राने उठवलेल्या लाटांत उभे राहावे! त्या लाटा सुरक्षित असतात हे मान्य. परंतु तिकीट आले, की चौपाटीचे सर्वांत मोठे मूल्य, तिची मोफत मोकळीक, संपते. आम्ही बाजू घेतो ती चौपाटीची. कुंपणातल्या लाटांची नव्हे.

तेव्हा कुटुंबाला साजेसे समुद्रकाठचे गाव ओळखावे कशावरून? आमची कसोटी अशी : जीवरक्षक आहेत काय आणि ते किती वाजेपर्यंत असतात, पोहण्याची हद्द झेंड्यांनी आखली आहे काय, भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत किंवा निदान वाचता येईल अशा लिपीत लावल्या आहेत काय, बायकांना कपडे बदलण्यासाठी आडोसा, वापरण्याजोगी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी आहे काय, चाकाच्या खुर्चीला वाळूपर्यंत वाट आहे काय, अंधार पडल्यावर दिवे असतात काय. पाळणा आणि भेळ यांचा क्रमांक त्यानंतर, पण त्यांचा क्रमांक आहे, हे विसरू नये. समुद्रकिनाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या ‘ब्लू फ्लॅग’ या आंतरराष्ट्रीय मानांकनाच्या ३३ निकषांतही पाण्याची शुद्धता, सुरक्षितता आणि सोयी यांचा विचार होतो. म्हणजे आमची यादी काही गावंढळ नव्हे.

ही कसोटी नागपुरातून लावली, की काही मजेदार गोष्टी दिसतात. मराठी माणसाला समुद्र म्हटला की पश्चिमच आठवते. पण नकाशावर सरळ रेघ मारून पाहा : नागपूरला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ आहे. आपल्या साहित्याने समुद्र पश्चिमेला ठेवला म्हणून आपल्या सहलीही पश्चिमेला जातात. २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून तर हा ओढा अधिकच वाढावा अशी स्थिती आहे. त्या रस्त्याने जाणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की प्रथमच समुद्र पाहणाऱ्या मुलांना आधी गिरगाव किंवा जुहू दाखवा. पाण्याच्या शुद्धतेसाठी त्या किनाऱ्यांची ख्याती नाही, हे खरे. म्हणून पाहा, फिरा, खा, आणि डुंबण्याचा विचार सोडा. गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांनी शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचे स्मारक अवश्य पाहावे, देवळात दर्शन घ्यावे, वाळूवर बसावे. परंतु तिथले पाणी पोहणाऱ्यांना दगा देणारे म्हणून ओळखले जाते, हे सोबतच्या मुलांना बजावून सांगावे. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची संघटित व्यवस्था उभारली; लाल झेंडा दिसला की पाण्यात जायचे नाही, हा नियम तिथे लहान मुलालाही कळतो. ज्या कुटुंबांना गोवा म्हणजे मद्य एवढेच वाटते, त्यांनी हा झेंडाही लक्षात घ्यावा.

पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी पुरी आहे. देऊळ, बाजार, खाजा आणि समुद्र एका गावात देणारे हे ठिकाण आजी आणि नातू या दोघांनाही एकदम पटते. तिथले नुलिया पाहावेत. हे मूळचे तेलुगुभाषक कोळी. डोक्यावर शंकूच्या आकाराची टोपी घालून, यात्रेकरूंचा हात धरून त्यांना लाटेत नेतात आणि परत आणतात. समुद्र ठाऊक नसलेल्याने समुद्र ठाऊक असलेल्याचा हात धरावा, ही परंपरा आपल्या कोकण किनाऱ्यावरही रुजायला हवी. आपल्या कोळी बांधवांच्या ज्ञानाला त्यातून मान आणि दाम दोन्ही मिळेल. विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर ‘कुरसुरा’ ही नौदलाची निवृत्त पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे. २००२ पासून लोक तिच्या पोटातून चालत जातात. तिथला समुद्र पोहण्यासाठी धोक्याचा, पण पाण्याला न शिवता पाणबुडीत शिरण्याची मौज तिथे आहे. चौपाटीच्या तत्त्वाचे याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

साहित्याच्या शिक्षकांकडून आमची अपेक्षा मोठी नाही. ‘सागरास’ शिकवाल तेव्हा ब्रायटनचा धक्का आणि त्या गावी येणारी साधी कुटुंबेही सांगा. ‘श्यामची आई’ शिकवाल तेव्हा विहीर सांगा. भरती-ओहोटीचा अलंकार शिकवाल तेव्हा तिथीची पाऊणपटही शिकवा. आणि पुढच्या उन्हाळ्यात स्टाफरूममध्ये कुणी पाळणे असलेले समुद्रकाठचे गाव विचारले, तर हसण्याआधी तिथे जीवरक्षक आहेत की नाहीत, याची माहिती काढून द्या. एकांतातला समुद्र ज्यांना हवा त्यांनी तो खुशाल घ्यावा. पण तो झेपायला पोहता यावे लागते, हाताशी वाहन लागते, आणि घरी चहा करून देणारे दुसरे कुणी लागते. ज्यांच्यापाशी यांतले काही नाही, त्यांच्याही वाट्याला समुद्र यायला हवा, आणि तिथून ती सगळी माणसे सुखरूप घरी परतायला हवीत. हे ज्या किनाऱ्यावर साधते, तिथे भेळेच्या कागदाचा थोडा कचरा होत असेल तर तो आपण उचलू. त्यासाठी किनाराच नाकारण्याचे कारण नाही.